पौषातला मृग

२७ जानेवारी २०२५
रत्नागिरी

प्रिय सदू,

पाकिटावर माझं नाव बघून तुझ्या छातीत धस्स झालं असेल, म्हणून आधीच लिहितो, इथे कुणी गेलेलं नाही. सगळे ठीक आहेत. मीही ठीक आहे, फक्त रक्तदाबाची गोळी सकाळी घेतली की नाही ते दुपारी आठवत नाही, आणि दुसरी घ्यावी की नको या विचारानेच दाब वाढतो. तुझा डोंबिवलीचा पत्ता तुझ्या चुलत बहिणीकडून, कमळाकडून घेतला. तिने तोंडीच सांगितला, त्यामुळे इमारत तीन नंबरची की तेरा, याची खात्री नाही. फोन करणार होतो, पण माझा आवाज ऐकून तू ठेवून दिलास तर पुन्हा करायचा धीर झाला नसता. पत्र फाडायच्या आधी माणूस निदान एकदा वाचतो. चौथी शिकलेल्याचं लिहिणं आहे, सांभाळून घे.

चाळीस वर्षं झाली, तू माझ्याशी बोलत नाहीस. गणपतीला येतोस, पण माझ्या अंगणातून जायला नको म्हणून वरच्या पाखाडीच्या सगळ्या पायऱ्या चढून वळसा घालतोस. यंदा तू मध्येच दोनदा बसलास, गुडघा चोळलास. ओटीवरून मला सगळं दिसतं. हाक मारावी असं दरवर्षी वाटतं, आणि दरवर्षी मी कपबशी हातात धरून बसून राहतो.

आता या महिन्यात काय झालं ते ऐक. मोबाईलवर निरोप फिरत होता की आकाशातले सगळे ग्रह एका रांगेत येणार. माझी झोप उडाली. यंदा मोहर बरा आलाय, त्यावर तुडतुडा पडेल, समुद्र चढून वाडीत येईल, काय काय मनात आलं. सुनेला विचारलं तर म्हणते, "येऊ देत की बाबा, रेशनच्या रांगेसारखी भांडणं तर होणार नाहीत!" तिला कसली काळजीच नाही. शेवटी शाळेतल्या दीपाली बाईंना गाठलं. राजापूरकडच्या आहेत, वयाने आपल्या नातवंडांएवढ्या. त्या म्हणाल्या, "घाबरताय कशाला आजोबा? संध्याकाळी सड्यावर या, एकेकाची ओळख करून देते." जशी काही सोयरीकच जुळवायची होती.

कानटोपी, काठी, बॅटरी, पाण्याची बाटली असं सगळं घेऊन सड्याच्या उघड्या कातळावर गेलो. सूर्य बुडाला, आरे-वाऱ्याकडचा समुद्र तांबडा होऊन काळवंडला आणि पश्चिमेला शुक्र असा काही पेटला की वाटलं, कुणीतरी माडावर दिवा बांधलाय. त्याच्या जरा खाली मिणमिणता शनी. सदू, ज्याला मी आयुष्यभर घाबरून तेल घातलं तो एवढासा! डोक्यावर रोहिणीजवळ गुरू, ऐसपैस बसलेला. पूर्वेला मंगळ, ओढलेल्या विडीच्या टोकासारखा. बाई म्हणाल्या, "तारे लुकलुकतात, ग्रह शांत असतात." मी म्हटलं, "म्हणजे मी तारा." हसल्या बिचाऱ्या. समुद्र जागेवरच होता. मलाही इतकं बरं वाटलं की बाटलीतलं पाणी तसंच राहिलं.

मग त्यांनी पूर्वेकडे वर बोट केलं. चौकोनासारखे चार तारे आणि मधे तिरकी तीन टिकल्यांची ओळ. म्हणाल्या, "हा मृग. ती ओळ म्हणजे त्याला लागलेला बाण, आणि खाली तो चमकतोय तो व्याध."

मी म्हटलं, "बाई, चुकताय. पौष चाललाय. मृग जूनमध्ये लागतो."

त्या म्हणाल्या, "मृग लागतो म्हणजे सूर्य त्या ताऱ्यांत जातो. गॅसबत्तीच्या मागे उभा असलेला माणूस दिसतो का कधी? तसंच ते. मृग बघायचा तर थंडीतच." आणि रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू असं ओळीने दाखवत गेल्या. आपला अर्धा पावसाळा डोक्यावर टांगलेला, आणि मी सत्तर वर्षं त्याच्याखालून मान खाली घालून चाललो.

मी काठी टेकून खाली कातळावरच बसलो. का, ते तुला सांगायला नको. चाळीस वर्षांपूर्वी असाच पौष होता, माझ्या खळ्यात शिमग्याच्या नमन-खेळ्यांची तालीम चालली होती, तू बोटीवरून सुट्टीला आलेला, मनगटात नवीन घड्याळ. तू वर बघून म्हणालास, "भिक्या, तो बघ मृग." हेच शब्द. आणि मी म्हटलं, "पौषात मृग? बोटीवर काय पाजतात रे तुला?" तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण नमनात सोंगाड्या मी. शिमग्याला मी घड्याळ घालून खलाशी झालो आणि थंडीने कुडकुडल्याचं सोंग करत "मृग लागला, नांगर आणा" म्हणत नाचलो. गाव लोळून हसलं. तुझी आई पुढेच बसली होती. तिने पदर तोंडाला लावला तो हसण्यासाठी नव्हता, हे मला तेव्हाही दिसलं होतं. तरी मी दुसरी फेरी मारली. खरं सांगू, मला तुझ्या घड्याळाचा हेवा वाटत होता.

परवा शनिवारी बाईंनी मुलांना आणि गावाला सड्यावर बोलावलं. मला म्हणाल्या, "आजोबा, दोन शब्द बोला." रात्रभर तळमळून ठरवलं होतं ते बोललो. "मृग आपल्या वाडीत पहिल्यांदा सदूने ओळखला. मी त्याची टर उडवली. चूक माझी होती, त्याची नव्हती." त्या वेळी हसलेल्या आपल्या वयाच्यांपैकी आता वाडीत कमळा आणि मीच उरलोय. ती म्हणाली, "मरायच्या आधी बोललास मेल्या, बरं झालं." मग डोळे पुसत मलाच शेंगदाणे दिले.

गावासमोर हसलो होतो, म्हणून गावासमोर बोललो. पण तू तिथे नव्हतास, आणि तुझी आई आता कुठेच नाही. तिची माफी राहिली ती राहिलीच. तुझी मागतो. आणि एक काम आहे. सहावीतल्या शमिकाने दक्षिणेला, समुद्रावर खाली टेकलेला एक ठळक तारा दाखवून विचारलं, हा कोण? बाई म्हणाल्या, अगस्ती. मग तिने विचारलं, खूप लांब दक्षिणेला गेलं तर तो किती वर दिसतो? बाई म्हणाल्या, पुस्तकात बघून सांगते. मी म्हटलं, थांबा, आफ्रिकेच्या टोकाला वळसा घातलेला माणूस आहे आपल्याकडे, त्याने डोळ्यांनी बघितलाय, त्यालाच विचारतो. पोरं रोज विचारतायत. तेव्हा लिहून कळव, नाहीतर शिमग्याला येऊन तूच त्यांना सांग. शुक्र तोवर अगदी खाली गेलेला असेल, पण अगस्ती असतो म्हणे. किती वर दिसतो रे तो, सदू?

तुझाच,
भिकाजी