तळघरातला उंचवटा

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (खरोखरचा साष्टांग. यंत्राखाली आडवा पडूनच लिहितोय.) तुमचा गुडघा आणि मामीची साखर आपापल्या मर्यादेत असतील अशी आशा आहे. माझी तब्येत उत्तम, म्हणजे वजन उतरलंय आणि लोकांना ते विद्वत्तेचं लक्षण वाटतं.

मी नेमकं करतो काय, असं तुम्ही मागे विचारलं होतंत. तळघरात शिशाच्या विटांआड एक यंत्र आहे. अणूच्या गाभ्यातून क्वचित सुटणारा एखादा कण टिपणं हे त्याचं काम आणि त्या कणाची वाट बघणं हे माझं. (आईनं कॉलनीभर मी बॉम्ब करतो असं सांगून ठेवलंय. त्यामुळे निदान स्थळं येत नाहीत.) गेल्या हिवाळ्यात आलेखावर, जिथे काहीच दिसायला नको होतं, तिथे एक उंचवटा दिसला. मी हरखून आमच्या सरांकडे धावलो. सरांना विभागात 'महाराज' म्हणतात, कारण ते दर्शन देतात, वेळ देत नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांनी माझ्या खांद्यावर हातही ठेवला. लवकरच ते परिषदेत उंचवटा मिरवत उभे राहिले. निबंधावर पहिलं नाव त्यांचं, मागोमाग ज्यांना तळघराचा जिनाही ठाऊक नाही अशा मंडळींचं. माझं नाव शेवटी आभारात, वीज विभागाच्या खाली.

पुढे मला शंका आली. तास सुटले की उंचवटा फुगायचा, एरवी रोडावायचा. कण काही वेळापत्रक बघून सुटत नाहीत. शोधलं तर पलीकडच्या भिंतीत लिफ्टची मोटर निघाली. ती सुरू झाली की आमच्या तारांत वीज दचकायची आणि यंत्र तिलाच कण समजायचं. मी प्रामाणिकपणे सरांना सांगितलं (हा गुण तुमच्याकडून आला, त्याबद्दल पुन्हा कधीतरी बोलू). मग चूक कबूल करणारा निबंध काढायचं ठरलं. त्यावर नाव एकच, माझं.

"पहिलं नाव हवं होतं ना तुला?" सर म्हणाले. "घे."

त्याच आठवड्यात वर्गात किरणोत्सार शिकवत होतो. ठरावीक काळात निम्मे अणू फुटणार हे नक्की, पण त्यातला अमुक एक कधी फुटेल ते कुणालाच सांगता येत नाही, असं सांगितलं. पुढच्या बाकावरच्या मुलीनं अगदी मनापासून विचारलं, "सर, तुमचं मात्र उन्हाळ्यात नक्की आहे ना?"

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. उन्हाळ्यात संपणारा माझा करार वाढवलेला नाही हे मुलांना नोटीस बोर्डावरून कळलं होतं. मला मुलांकडून कळलं.

मामीला नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद (माझा चालत असेल तर).

तुमचा भाचा

ता. क. तुमच्या ओळखीचे ते क्लासवाले अजून फिजिक्सचा मास्तर शोधतायत का? एक शब्द टाकाल? पत्र खरं तर त्यासाठीच लिहिलं. आईला कळू देऊ नका.

ता. क. २. शब्द टाका, पण होकार देऊ नका. लिफ्ट कालपासून दुरुस्तीला बंद आहे. उंचवटा बराच बसलाय, पण पुरता नाही; उरलाय तो लिफ्टचा नव्हे. सरांना अजून सांगितलेलं नाही. या खेपेला सांगणारही नाही.