पाण्यातले देव

आत्या,

ह्यांची कापडं न्यायला घरी आले, तर तुमी देव पाण्यात घातलेले दिसले. लेक शुद्धीवर येईस्तवर बुडवून ठेवणार व्हय? मी सगळे बाहेर काढले, पुसले आन् देव्हाऱ्यात बसवले. राग आला तर येऊ दे.

ट्रॅक्टर उलटला तवा ओळख ना पाळख, एक टेम्पोवाला थांबला. कराडच्या दवाखान्यात दाराशी बसलेली म्हातारी रोज तिच्यातली अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवती. चार दिवस देव आमच्यासंगं जागतोय, आन् तुमी त्यालाच शिक्षा करताय?

ह्यांनी अजून डोळं उघडलं न्हाईत. तरी दिवा लावलाय. मागायला न्हाई, मिळालं त्याचा हाय. विझला, तर गाठ माझ्याशी हाय.

तुमची सून,
क्रांती