ग्रहणात कापलेलं गवत

आई,

तुला वाचता येत नव्हतं, तरी लिहिते आहे. अजून डोळ्यांपुढे आहे: झरी गावच्या घरात तू चुलीपुढे भाकरी थापते आहेस आणि मी शनिवारची डहाणूच्या कॉलेजातून आले आहे. दादा जाऊन वर्षही झालेलं नाही. सांधे धरून तो कसा विव्हळायचा, ते आपण दोघींनी पाहिलेलं. दवाखान्याच्या कार्डावर सिकलसेल लिहिलं होतं, पण ते काय, हे आपल्याला कुणी समजावलं नव्हतं. त्या आठवड्यात जीवशास्त्राच्या तासाला सरांनी फळ्यावर रक्ताच्या पेशी काढल्या, निरोगी गोल आणि आजारी वाकड्या. मी आल्या आल्या शहाणपण पाजळलं. चिमट्याने राखेत ती वाकडी पेशी काढली आणि म्हणाले, "दादाच्या रक्तात अशा होत्या. जन्माच्या आधीपासून."

तुझा हात परातीत थांबला. "हा तर इळाच. तो पोटात होता तवा गिराणात मी गवत कापाया गेलते. सासू नको म्हणत होती. त्यानंच झालं का गं?"

आजार कशाने होतो, हा धड्याचा पुढचा भाग मला कळलाच नव्हता. तास इंग्रजीत, मी मागच्या बाकावर. पण पाड्यातून कॉलेजात गेलेली मी पहिली, माहीत नाही म्हणायची लाज वाटली. मी म्हणाले, "असेल."

तू विळा वळचणीला खोचलास तो कायमचा. गवतकापणीला निघालेल्या बायका हाका मारून जायच्या, तू दारात बसून राहायचीस. शेजारणीचं बाळसुद्धा मांडीवर घेईनाशी झालीस. पुढच्या पावसाळ्याआधी तापाचं निमित्त झालं आणि गेलीस.

आता मी तलासरीत पहिल्या वर्षाच्या मुलांना तोच धडा शिकवते, मराठीतून. फळ्यावर चार चौकटी काढते. एक हिस्सा आईचा, एक बापाचा. दोघांकडे एकेकच सदोष हिस्सा असेल तर त्यांना काही त्रास नसतो, पण दोघांचेही सदोष हिस्से एकाच लेकराच्या वाट्याला आले की आजार होतो. तुझ्या ग्रहणाचा आणि गवताचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. यात कुणाची चूक नसते, हे मी वर्गात दोनदा सांगते.

बाबांना मी सांगितलंय की मला हे कळेपर्यंत तू राहिली नव्हतीस. ते खोटं आहे. धडा कळल्यावर मी दोनदा घरी आले होते. तुझ्यासमोर बसून जेवले. सांगितलं असतं, तर 'असेल' म्हणाले तेव्हा मला काहीच येत नव्हतं हेही सांगावं लागलं असतं, म्हणून गप्प राहिले.