दोन टोकांचा मोर

हट्टा, ता. वसमत
८ डिसेंबर २०२४

ती. सौ. पल्लवीताई यांस,
शि. सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र का, असं तुम्ही म्हणाल. फोन आला की तुमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्या आत्याबाई, स्पीकर लावायला सांगतात, आणि हे त्यांच्यापासून लपवायचं आहे.

सृष्टीनं नाशिकहून दिलेली पॉलिमर क्ले, ती ओव्हनमध्ये भाजायची रंगीत माती, अखेर उघडली. तिच्या लग्नात बायकांना द्यायच्या कानातल्यांसाठी नक्षी काय घ्यावी, यावर आठवडा घालवला. शेवटी आत्याबाईंच्या उजव्या हातावरचा गोंदणातला मोर घेतला. जेवून त्यांचा डोळा लागला होता, तेव्हा बटर पेपर ठेवून तो उतरवला. न विचारता. ते मनाला लागून राहिलं आहे.

मोराचा एकेक भाग मातीच्या लांब पट्ट्यांनी उभा केला. मोर हिरवट काळा, भोवती आत्याबाईंच्या कातडीचा रंग. तो जमेना, म्हणून त्या तूर निवडत असताना मातीची गोळी पदरात लपवून त्यांच्या हाताशी धरून बघत होते. सगळं मिळून मनगटाएवढी जाड वळी झाली, टोकाकडून बघितलं की मोर दिसेल अशी. मग ती मधून दोन्हीकडे दाबत, लांबवत बोटाएवढी केली. आत मोर बारीक होत जातो, पण मोडत नाही. कुठेही कापा, तोच मोर.

आणि मग चूक दिसली. आत्याबाईंचा मोर अंगठ्याकडे बघतो, माझा करंगळीकडे. कागद पालथा धरला होता. आता रंग उरले नाहीत. एक चकती सोबत पाठवते.

दुसरी काळजी तुम्हाला ठाऊकच आहे. जवळा बाजारला कौसामावशींकडे लग्नाच्या आमंत्रणाची अक्षत घेऊन आत्याबाईंनीच जायला हवं, सख्ख्या बहिणीचा मान तो. पण त्या ठाम न्हाई म्हणतात. दोन वर्षांपूर्वी मावशींनी त्यांना आहेरात जे पोपटी लुगडं दिलं, ते त्यांनीच आदल्या साली मावशींना नेसवलेलं होतं, हे त्या विसरायला तयार नाहीत. कुणी दुसऱ्यानं अक्षत नेली तर मावशी यायच्या नाहीत, हेही त्याच सांगतात.

सृष्टीस आशीर्वाद. कळावे, लोभ आहे तो असाच राहो.
आपली,
शिवकन्या

नाशिक
१५ डिसेंबर २०२४

चि. सौ. शिवकन्येस,
अ. उ. आ.

चकती पोचली. पाकिटात जरा चेपली, पण मोर बघून मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले आणि मग तुझी चूक वाचून हसले. अगं, एम.ए. झालेली बाई तू, चकती उलटून बघितलीस का? वळीला दोन टोकं असतात. या टोकानं मोर डावीकडे बघत असेल तर त्या टोकानं उजवीकडेच बघणार. तुझ्या एवढ्याशा वैजूला सांगितलं असतंस तरी त्यानं ओळखलं असतं, आणि त्याला तर चपलेचा डावा-उजवा कळत नाही.

सृष्टी म्हणते, पातळ चकत्या काढून कानातल्यांवर चिकटव. टोकाचे तुकडे मात्र फेकून दे, तिथे दाबानं नक्षी फिसकटलेली असते. आईला विचारलं नाहीस हे चुकलंच. आता विचार. रागावली तर माझं नाव सांग.

मावशीचं मात्र जिवाला लागलंय. मी दहावीपर्यंत तिच्याकडे राहिले, तिनं माझ्या वेण्या घातल्या. तिच्यावाचून माझ्या लेकीच्या डोक्यावर अक्षता पडायच्या, हे मला सोसायचं नाही. आईला मी फोनवर हात जोडले. ती म्हणाली, की लुगडं फिरवलं तिनं, हात म्या काहून जोडू.

वैजूस आशीर्वाद. माया आहेच, ती पत्रानं कमी-जास्त होत नाही.
तुझी,
पल्लवीताई

हट्टा
२९ डिसेंबर २०२४

ती. सौ. पल्लवीताई यांस,
शि. सा. न. वि. वि.

घडलं तसं लिहिते, उगाच वाढवत नाही.

धीर करून वळी आत्याबाईंच्या हातात दिली आणि सगळं कबूल केलं. त्यांनी ती उन्हात धरली. नेमकं उलटं टोक डोळ्यांपुढे आलं. मी सावरून घ्यायला लागले, तर म्हणाल्या, की गप बस, ह्यो माझा न्हाईच, ह्यो कौसाचा मोर हाय.

मग ऐकलं ते तुम्हालाही माहीत नसावं. औंढ्याच्या जत्रेत दोघी पोरी गोंदून घ्यायला शेजारी बसल्या होत्या. आत्याबाईंनी उजवा हात दिला, मावशींनी डावा. हात जोडून ठेवले की दोन मोर चोचीला चोच लावतात. मावशी रडायला लागल्या, म्हणून आत्याबाईंनी आपलं दुखणं दाबलं, असं सांगताना त्यांना अजून फुशारकी वाटत होती.

त्यांनी वळी फिरवून आपला मोर बघितला, परत फिरवून बहिणीचा. मग विचारलं, की कापल्यावर एक बाजू झाकून जाईल का? मी म्हटलं, चिकटवली तर जाईल. त्यावर हुकूम झाला, की चिकटवायचं न्हाई. म्हणून आता कानातली नाहीत. जाड चकत्या कापून, भाजून, दोऱ्यात ओवून गळ्यात घालायची पदकं करते. दोन्ही बाजूंनी दिसतील. सृष्टीला समजावा.

टोकाचे दोन तुकडे मी बाजूला टाकले होते. आत्याबाईंनी तेच मागितले. चांगल्या चकत्या असताना हे कशाला, असं मी विचारलं. त्यांनी एक तुकडा हाताच्या गोंदणाशेजारी धरला. साठ वर्षांनी पसरलेला, निळसर झालेला मोर आणि माझा फिसकटलेला मोर, दोन्ही सारखेच. म्हणाल्या, की चकतीतला इतका कोरा मोर नेला तर कौसाला वळखायचा न्हाई.

परवा सकाळी त्या तयार होऊन बाहेर आल्या. अंगावर तेच पोपटी लुगडं, दोन वर्षं पेटीत घडी न मोडलेलं. एसटीनं जवळा बाजारला गेलो. मावशी दारातच म्हणाल्या, की वाट चुकून येऊन राहिलीस काय. आत्याबाई म्हणाल्या, की लुगडं दाखवायला आले, तुझ्यापरीस मलाच शोभून राहिलं. मावशींनी खालवर बघितलं आणि म्हणाल्या, की म्हणून तर दिलं होतं, बये.

खरं असेल का? मला शंका आहे. आत्याबाईंनाही असावी. पण अक्षता त्यांनी मावशींच्या ओंजळीत घातल्या आणि वर तो तुकडा ठेवला. मावशींनी तो डोळ्यांजवळ नेला, बाही सारली आणि डावा हात पुढे केला. दोघींनी हात शेजारी ठेवले. मी वाकून बघितलं, तर मला नुसते दोन निळे डाग दिसले. चोची कुठे आहेत, ते त्या दोघींनाच दिसत होतं.

मावशी लग्नाच्या आठ दिवस आधी येणार आहेत. आहेरात काय आणणार ते विचारू नका, असं आत्याबाईंनी बजावलं आहे.

पदकांचा पहिला घाणा ओव्हनमध्ये आहे, कडा करपायच्या आत उठते. लोभ आहे, वाढला तर आम्हाला जड नाही.
आपली,
शिवकन्या