वरून आदेश नाही

कणकवली,
७ मार्च १९८५

चि. रत्नप्रभास गुणाजीचे आशीर्वाद, रागासकट. वि. वि.

तू महापालिकेच्या निवडणुकीला उभी राहतेस, हे मला तुझ्या होणाऱ्या सासऱ्यांकडून भर बाजारात कळलं. बापाला सांगायची पद्धत बंद झाली का गो? ते म्हणाले, अर्ज मागे घ्या, नाहीतर सोयरीक मोडली समजा. चोवीस वर्षांची पोर तू, टायपिंग शिकलीस म्हणून नगरसेवक होशील? नंदकुमारसारखा बँकेतला मुलगा पुन्हा मिळायचा नाही. आम्ही गिरणीत संप केला, शेवटी गावी येऊन नांगरच धरला ना? तुझ्या चंपावहिनीचं बाळ गेलं, वाईटच झालं, पण नशिबापुढे कोण काय करणार. मुकाट्याने अर्ज मागे घे.

आंबोशी वाळत घातली आहे. रागावलो असलो तरी पाठवीन.

तुझा बाप,
गुणाजी


घाटकोपर,
१३ मार्च १९८५

ती. बाबांस रत्नाचा शि. सा. न. वि. वि.

आधी सांगितलं असतं तर तुम्ही अर्ज भरूच दिला नसता, म्हणून नाही सांगितलं.

बाबा, नशीब म्हणू नका. आपल्या वस्तीच्या टेकडीवर पायऱ्या नाहीत म्हणून वहिनीला दवाखान्यात न्यायला खुर्चीत बसवून खाली उतरवत होतो. त्या घसरणीवर, पिठाच्या गिरणीपाशीच ती बाळंत झाली. मूल रडलंच नाही. मी तिथे होते.

मग आम्ही बायका पायऱ्या मागायला महापालिकेच्या कचेरीत गेलो. साहेब म्हणाले, वरून आदेश नाही. शेजारच्या रुक्मिणीकाकू अगदी साधेपणाने म्हणाल्या, वर तर आम्हीच राहतो साहेब, आम्ही कधी नको म्हटलं? सगळी कचेरी खो-खो हसली. काकूंना कळेना, आपलं काय चुकलं. मलाही हसू येत होतं, तेवढ्यात वहिनीचा चेहरा दिसला. काकूंचं काहीच चुकलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी मी अर्ज भरला. म्हटलं, आता आदेश खरंच वरून जाऊ दे.

नंदकुमारला विचारलं. म्हणाला, मला चालेल, पण घरच्यांना चालणार नाही. मला तो आवडत होता, खूप रडले. पण ज्याला स्वतःचं मत नाही, त्याच्याशी संसार काय करू?

संपात तुम्ही गेटवर उभे होतात ते मी मैत्रिणींना टेचात सांगायचे. आता तुम्हीच मला घरी बस म्हणता? अर्ज राहणार. पडले तर पडले.

राग येऊ दे, पण पत्र थांबवू नका.

तुमची,
रत्ना


कणकवली,
२० मार्च १९८५

चि. रत्नास आशीर्वाद, या वेळी नुसतेच. वि. वि.

व्याही काल घरी आले होते. मी चहा दिला आणि सांगितलं, पोरीचा अर्ज राहील, सोयरिकीचं तुम्ही ठरवा. ते चहा अर्धा टाकून उठले. मोडली सोयरीक. मला वाईट वाटलं, तुलाही वाटेल. पण बाळाचं असं झालं हे मला कुणी धड सांगितलंच नव्हतं.

विरोधात पैसेवाले उभे असतील, धमक्या देतील. घाबरू नको. चंपाला म्हणावं, तिच्या सासऱ्याने विचारलंय.

गिरणी सुरू होईल, परत बोलावतील, या आशेवर मी घाटकोपरच्या मतदारयादीतलं नाव काढलंच नव्हतं. गिरणी काही बोलवत नाही. पण मतदानाला मी येतोय.

मत कुणाला देणार ते गुप्त असतं. विचारायचं नाही.

गुणाजी