मोहाच्या दिवसातली ग्रामसभा

१९ मार्च
वही घेऊन तीन महिने झाले, पहिलं पान आज. रोज उद्या, उद्या. पण ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसूनही तीन महिने झाले, तो माझा रेकॉर्ड. आधी राजुऱ्यात पंक्चरचं दुकान, मग ट्रकवर क्लीनर, मग नुसतं फिरणं. जुना ऑपरेटर प्रवीण एकाएकी, राजीनामाही न देता तेलंगणात निघून गेला म्हणून ही जागा भेटली. कपाटाची चाबीही घेऊन गेला बेटा, जुने कागद सगळे आत. मला मार्चपर्यंतच ठेवलंय. पुढचं ग्रामसभा ठरवणार. ग्रामसेवक मडावीबाई म्हणाल्या, "सभेची वेळ तूच लाव. शीक जरा."
लावली. २४ ला, सकाळी नऊ.

२४ मार्च
सतरंज्या, माईक, पाण्याचा कॅन. माणसं अकरा. बाकी गाव पहाटेपासून जंगलात, मोहाची फुलं वेचायला! चामोर्शीत वाढलो अन् एवढंही...
बाई : "गावात राह्यतो का चंद्रावर?"
माणसं पुरेशी नाहीत, सभा तहकूब. म्हटलं, रजिस्टर घरोघरी फिरवतो, सह्या आणतो. बाई भडकल्या. "घरी घेतलेली सही म्हंजे सभा होत नाई. जा, लोकायलेच इचार केव्हा येता म्हून."

२६ मार्च
पहाटे जंगलात. झाडाझाडाखाली जाऊन विचारायचं ठरवलं होतं. पहिल्याच झाडाखाली गावातली म्हातारी येसूबाई, एकटी, गुडघा धरून वाकलेली. वेचू लागलो. मग कुठला पक्षी ओरडतो ते बघत बसलो. मग परत वेचलं. दहा वाजले, झाड एकच झालं. ऑफिसला उशीर, हाताला मोहाचा वास.
येसूबाई : "चार वाजता ठेव बापू. तवा मोह आंगनात वाळत राह्यते, मानूस मोकळा."
उद्या बाकीची झाडं.

३० मार्च
चार वाजता सतरंज्या कमी पडल्या! माझा विषय शेवटी. मला बाहेर पाठवलं, पण खिडकी उघडीच.
एक जण : "ज्याले मोह केव्हा पडते मालूम नाई, त्याले ठेवाचं काऊन?"
सगळे हसले.
मग येसूबाईचा आवाज : "इचाराले तरी आला. तुमच्यातला कोन आला आजवर झाडाखाली? टोपली भरून देल्ली त्यानं."
जरा वेळानं बाई दारात. "ये आत. एक वर्षाचा ठराव झाला, लिहून घे. तुह्याच नावाचा हाय, चुका नोको करू."
जीव भांड्यात पडला. तरी नाव लिहिताना खाडाखोड केलीच.

१ एप्रिल
माझ्या नेमणुकीच्या आदेशावर सरपंचांची सही बाकी, दुपारी येतो म्हणाले. आईला फोन केला. "आता तरी टिक," एवढंच बोलली, पण हसत होती. काल मस्त झोप लागली. खुर्चीचा डुगडुगता पाय बसवून घेतला, वर्षभर बसायचंय म्हणून. सरपंच येईपर्यंत हे लिहितोय.
बाहेर गाडी थांबली. सरपंच नाहीत. पाठीवर बॅग, हातात कपाटाची चाबी. प्रवीण.