शिवराजची तिसरी खिडकी

अंबरपेठ, हैदराबाद
रविवार, ९ ऑगस्ट १९९८

अनुराधाताईंना निखिलचा नमस्कार.

शिवराजची ट्रंक उदगीरच्या बसवर चढवली, कंडक्टरला दोनदा बजावलं, मिळाली असेलच. त्यातला निळा स्वेटर माझा आहे, पण राहू द्या. खोलीत त्याच्या जागी एक तेलुगू मास्तर यायचेत. पत्र परवाच टाकणार होतो, पण कोठीच्या जुन्या पुस्तकबाजारात रमलो आणि पोस्ट बंद झालं. हे खरं कारण नाही. झालं मात्र तसंच.

शिवराज ऑफिसात काय करायचा, हे तुम्हाला नीट सांगायचं राहिलं. परदेशातल्या दवाखान्यांचे कागद आम्ही टाइप करतो. मशीन एकच मोठं, त्याला तीस पडदे. आम्हा दोघांत मिळून एकच नाव आणि पासवर्ड. त्यावर 'स्क्रीन' म्हणून एक प्रोग्राम आहे. एकाच पडद्यात हव्या तेवढ्या खिडक्या उघडायच्या, एकीत टायपिंग, दुसरीत तपासणी. गंमत अशी की मशीन चालू आहे तोवर, तुम्ही उठून गेलात तरी आतलं काही बंद पडत नाही. चार दिवसांनी या, कुठल्याही पडद्यावरून परत जोडा. ओळ जिथं सोडली तिथंच.

मी बारावी अर्धवट टाकलेला, तासभर एका जागी बसवत नाही. त्यानंच शिकवलं. म्हणाला, "तुझ्यासारख्या भटक्यासाठीच केलंय हे, निख्या. कामं इथं बांधून ठेव अन् हिंड मसणात."

पहिली खिडकी माझी, दुसरी त्याची. तिसरीत तो तुम्हाला पत्र लिहीत होता.

इंग्रजी अक्षरांत मराठी. फाइल केली नव्हती, कारण फायली साहेब उघडून बघतात. नुसतं पडद्यावर टाइप केलेलं. मनासारखं झालं की कागदावर उतरवणार होता. १४ जुलैला दुपारी जेवायला म्हणून स्कूटरवर निघाला आणि मलकपेठेत ती बस... ते तुम्हाला माहीत आहे. खिडकी उघडीच राहिली.

मी रोज जोडायचो. दुसऱ्याचं पत्र, म्हणून सगळं वाचायचो नाही; वरचं थोडं आणि शेवटची ओळ. तिच्यापुढं कर्सरची पट्टी लुकलुकत असायची, जसा काही तो चहाला गेलाय. उतरवून घ्यायला हवं होतं, दहा मिनिटांचं काम. हात उचलेना. उतरवलं की संपलं, असं वाटायचं.

३१ तारखेला, शुक्रवारी, सिस्टिमवाले ख्वाजाभाई सगळ्यांना सांगत फिरले. "मशीन कल नई बिल्डिंग को जाता. क्या रखना सो रख लेव, बाद में रोना नक्को."

मी म्हटलं, "हौ भाई." आणि संध्याकाळी बीदरच्या बसमध्ये जाऊन बसलो. काम काही नव्हतं. किल्ला पाहिला. एक म्हातारा काळ्या सुरईत चांदीची तार ठोकत होता, त्याच्यासमोर अख्खी दुपार बसलो. सोमवारी येऊन जोडायला गेलो, तर मशीननं एका ओळीत सांगितलं, परत जोडण्यासारखं काही नाही.

"बोला था ना मियाँ," ख्वाजाभाई म्हणाले. मग माझ्या तोंडाकडं बघून खुर्ची ओढून शेजारी बसले, बराच वेळ.

तुम्ही फोनवर विचारलंत, "माझ्याबद्दल कधी काही म्हणाला का रे तो?" मी नाही म्हणालो. खोटं बोललो, ताई.

आठवतं ते असं: "ताई, आबा गेल्यावर मी आलो तेव्हा दारातच विचारलंस, आता कशाला आलास. दोन वर्षांनी उत्तर देतोय. आबा सीरियस, ही तुझी तार मला रविवारीच मिळाली होती. मी स्टँडवर गेलो आणि परत फिरलो. त्यांना तसं बघायची छाती नव्हती. तू एकटीनं निभावलंस." पुढं सात-आठ ओळी होत्या. त्यात तुमच्या हातच्या धपाट्यांचं काहीतरी होतं. नक्की नाही.

बुधवारी मी ते पत्र पूर्ण बनवून लिहिलं, त्याच्या ढंगात. "माफ कर ताई" पण घातलं. जमलंही होतं. मग फाडलं. ते शब्द त्यानं लिहिले होते का, मला माहीत नाही, आणि तुम्ही जन्मभर माझंच अक्षर त्याचं म्हणून वाचत बसला असता.

शेवटची ओळ मात्र पक्की आहे, रोज बघत होतो ना.

"दिवाळीला येऊ का, तेवढं कळव."

त्याच्या शेजारच्या खुर्चीवरचा,
निखिल